गेम खेळताना तापतो आणि आपोआप रीस्टार्ट होतो: किनाऱ्यावरच्या घरात आधी काय तपासायचं

विचारलेलं थोडक्यात असं. गुहागरला समुद्रापासून दोनशे पावलांवर घर. अडीच वर्षांपूर्वी पुण्यात जोडून घेतलेला गेमिंग पीसी: रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसर, आरटीएक्स ३०७० ग्राफिक कार्ड, ६५० वॅटचा एसएमपीएस (मशीनच्या भागांना वीज पुरवणारा डबा), टेबलाखाली ६०० व्हीएचा यूपीएस. जूनपासून गेम लावला की पंधरा-वीस मिनिटांत स्क्रीन काळी पडते आणि मशीन स्वतःच पुन्हा चालू होतं. संध्याकाळी हमखास, पहाटे जवळजवळ नाहीच. प्रोसेसर ८८ अंश, कार्ड ७८ अंश. प्रोसेसर आणि कूलरमधली थर्मल पेस्ट बदलून झाली, विंडोज नव्याने टाकून झालं, फरक शून्य. आणि शेवटी, "काका, आता मोठा कूलर घेऊ का?"

काका म्हणालास, म्हणून अरे-तुरेच करतो. कूलर घेऊ नकोस. निदान मी सांगतो ते तपासल्याशिवाय तरी नकोच.

तुझ्या मशीनला दोन तक्रारी आहेत आणि तू त्या एका दोरीत बांधल्या आहेस. मशीन तापतं हे खरं. मशीन रीस्टार्ट होतं हेही खरं. पण तापतं म्हणून रीस्टार्ट होतं, हे अजून कोणी सिद्ध केलेलं नाही, आणि तुझे आकडे तर उलटंच सांगतात. ५६००एक्सची मर्यादा ९५ अंशांची. तिथे पोचला तरी तो एकदम मान टाकत नाही, आधी स्वतःचा वेग कमी करतो. गेम अडखळायला लागतो, फ्रेम्स पडतात, पण मशीन चालू राहतं. ३०७०ची मर्यादा ९३ अंश, आणि तेही त्याच्या बरंच आधी आवरतं घ्यायला लागतं. उष्णता खरोखरच हाताबाहेर गेली तर प्रोसेसर स्वतःला वाचवायला वीज तोडतो. अशा वेळी मशीन बंद होतं आणि सहसा बंदच राहतं. बटण दाबावं लागतं, आणि गरम असेल तर लगेच दाबूनही पुन्हा बंद पडतं.

तुझं मशीन आपोआप परत उठतं. ही खूण वेगळी आहे. एसएमपीएसमधून मदरबोर्डला एक छोटा सिग्नल सतत जात असतो, त्याला 'पॉवर गुड' म्हणतात: व्होल्टेज ठीक आहे, चालू दे, एवढाच त्याचा अर्थ. तो क्षणभर जरी गेला तरी मदरबोर्ड सगळं थांबवून पहिल्यापासून सुरुवात करतो. बाहेरून आपल्याला दिसतं ते असं: स्क्रीन काळी, पंखे क्षणभर थांबले, परत लोगो. म्हणून तुझ्याकडे मी आधी वीज बघेन, मग जोडण्या, आणि उष्णता शेवटी.

पहिलं काम फुकटचं आहे. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर उघड, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टीम. रीस्टार्टच्या वेळेला 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद सापडेल. ती सापडली की पुष्कळजण घाबरतात, पण तिचा अर्थ एवढाच की मशीन रीतसर बंद न होता गेलं. तिच्या तपशिलात 'बगचेककोड' शोध. तो ० असेल तर विंडोजला स्वतःला काही बिघडलंय हे कळायच्या आतच वीज गेली. तो ० सोडून दुसरा काही असेल तर निळी स्क्रीन आली होती, पण तुला दिसायच्या आत मशीन रीस्टार्ट झालं. मग सिस्टीमच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' इथली 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची खूण काढून टाक, म्हणजे पुढच्या वेळी स्क्रीन थांबून राहील आणि वाचता येईल. 'डब्ल्यूएचईए-लॉगर' नावाची, म्हणजे हार्डवेअरच्या चुकीची, नोंद दिसली तर ती वेगळी लिहून ठेव, तिच्याकडे शेवटी येतो.

यूपीएस मात्र तू आजच बघायला हवास. हिशेब करू. तुझा प्रोसेसर पूर्ण भारावर ७६ वॅटपर्यंत घेतो, कार्ड २२०, बाकी मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ६० धर. झाले साडेतीनशेच्या वर. एसएमपीएस स्वतः थोडी वीज उष्णतेत घालवतो, म्हणजे भिंतीतून चारशेच्या वर ओढली जाते. त्यात मॉनिटरही त्याच यूपीएसवर असेल तर आणखी तीसेक. आता यूपीएसच्या मागचं लेबल वाच. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हेत. अशा बहुतेक यूपीएसवर ३६० वॅट लिहिलेलं असतं. लाइट असेपर्यंत तो नुसता मधला हमाल असतो, इकडची वीज तिकडे देतो, म्हणून काही कळत नाही. लाइटने क्षणभर जरी डोळा मिचकावला तरी तो बॅटरीवर जातो आणि ३६० वॅटच्या खांद्यावर सव्वाचारशेचं ओझं येतं. व्होल्टेज कोसळतं, पॉवर गुड जातो, मशीन खाली. दुसऱ्या क्षणाला लाइट स्थिर, मशीन परत वर.

डेस्कटॉपवर नुसतं ब्राउझिंग करताना हेच मशीन शंभर वॅटच्या आत-बाहेर असतं. तेव्हा यूपीएस आरामात पेलतो. म्हणून तुला वाटतं की यूपीएस चांगला आहे, गेममध्येच काहीतरी बिघडतंय.

जून आणि संध्याकाळ या तुझ्या दोन गोष्टी मला म्हणूनच महत्त्वाच्या वाटल्या. आपल्याकडे पाऊस लागला की वाऱ्यावर माडाची झावळी तारेला घासते आणि लाइट दर दहा मिनिटांनी लुकलुकते. संध्याकाळी सात ते दहा घराघरांतले पंखे, टीव्ही, मिक्सर चालू, त्यामुळे डीपीपासून लांबच्या वाडीत व्होल्टेज खाली बसतं. पहाटे सगळं निवांत. प्रोसेसरची उष्णता लाइटचं वेळापत्रक बघून वागत नाही.

तेव्हा आज रात्री खेळताना कान यूपीएसकडे ठेव. रीस्टार्टच्या अगदी आधी 'टक्' असा रिलेचा आवाज आला तर समज की माग बरोबर आहे. मग दुसऱ्या दिवशी यूपीएस मधून काढून मशीन थेट भिंतीतल्या सॉकेटला लाव, जाडी पिन असलेल्या १६ अँपिअरच्या सॉकेटला योग्य वायर मिळाली तर उत्तम. पाऊस-विजांची रात्र टाळ, ढग गडगडायला लागले तर पिन काढून ठेव. एक-दोन संध्याकाळी नेहमीसारखं खेळ. चांगला एसएमपीएस भिंतीतलं व्होल्टेज बरंच खाली आलं तरी सांभाळतो, आणि वीज पूर्ण गेली तरी साधारण १६ मिलिसेकंद आपल्या कपॅसिटरच्या साठ्यावर तग धरतो. यूपीएसला बॅटरीवर जायला दहा मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, त्यामुळे नव्या मशीनला तो खड्डा जाणवत नाही. पण हे कपॅसिटर गरमीत सुकतात. दर १० अंश जास्त तापमानाला त्यांचं आयुष्य अंदाजे निम्मं होतं, आणि तुझा एसएमपीएस बंद खोलीत अडीच उन्हाळे काढून आलाय. पूर्वी जो खड्डा तो उडी मारून पार करायचा, त्यात आता पडत असेल.

यूपीएस काढून रीस्टार्ट थांबला, तर कूलरचे पैसे योग्य यूपीएसमध्ये घाल. १००० ते १५०० व्हीएचा बघ, पण व्हीएवर जाऊ नकोस, वॅट किमान ६०० असल्याची खात्री कर. शक्यतो शुद्ध साइन वेव्हचा घे. आजच्या चांगल्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (भिंतीतून वीज नीट, सलग ओढणारं सर्किट) असतं, आणि स्वस्त यूपीएसची चौकोनी लाट काही एसएमपीएसना पचत नाही. कागदावर वॅट पुरत असूनही ते बॅटरीवर जाताना पडतात.

थांबला नाही, तर पुढची परीक्षाही फुकटच आहे. आफ्टरबर्नर या ग्राफिक कार्डच्या सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आण आणि फ्रेम्स ६०ला बांध. मग तासभर खेळ. ३०७०सारखी कार्डं अगदी काही मिलिसेकंदांसाठी आपल्या लिहिलेल्या वॅटच्या दीडपट किंवा त्याहून जास्त झटका घेतात. सरासरी बघणाऱ्या सॉफ्टवेअरला हा झटका दिसतही नाही, पण एसएमपीएसला तो सोसावा लागतो. लिमिट कमी केल्यावर मशीन रात्रभर सुरळीत चाललं, तर दोष विजेच्या वाटेतच आहे: एसएमपीएस, नाहीतर त्याच्यापासून कार्डापर्यंतच्या वायरी. काहीजण म्हणतील, लिमिट कमी केल्याने तापमानही उतरलं, मग कशावरून उष्णता नव्हती? रास्त शंका आहे. म्हणून आणखी एक कर. लिमिट परत १०० कर, कॅबिनेटची बाजूची पत्री काढ आणि समोर टेबलफॅन लाव. तापमान दहाएक अंश खाली येईल. तरीही रीस्टार्ट झाला तर उष्णतेवरचा आरोप गेला.

आता खाऱ्या वाऱ्याबद्दल. पुण्या-मुंबईचे व्हिडिओ बघून मशीन सांभाळणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही आणि माझ्याकडे येणारी निम्मी मशीनं यानेच आजारी असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पावसाळ्यात तुझ्या आईच्या जाड्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तेच तुझ्या मदरबोर्डवर होतं. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते तर त्याहून कितीतरी कमी आर्द्रतेला ओले होतात. लाटांच्या फेसातून उडालेले बारीक थेंब वाऱ्याबरोबर खिडकीतून येतात, पंखे ते आत ओढतात, धुळीत ते मिसळतं आणि चिकटून बसतं. मार्च-एप्रिलमध्ये ही धूळ कोरडी असते, काही बिघडत नाही. आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, हवा दमट झाली की तोच थर वीजवाहक होतो. दोन बारीक पिनांमध्ये थोडी वीज झिरपते आणि धातू हिरवा-पांढरा पडायला लागतो.

याचा सर्वात मोठा फटका कनेक्टरला बसतो. ग्राफिक कार्डाच्या आठ पिनांच्या कनेक्टरवर १५० वॅट म्हणजे १२ व्होल्टला साडेबारा अँपिअर, तीन वायरींत वाटून प्रत्येकी चारच्या थोडं वर. पिनेवर गंजाचा पातळ थर चढून तिथला रोध ५० मिलिओहम झाला, तर त्या एकट्या सांध्यावर ०.२ व्होल्ट पडतात आणि जवळजवळ एक वॅट उष्णता प्लॅस्टिकच्या आत कोंडते. १२ व्होल्टला खाली ११.४ पर्यंतच मुभा आहे, म्हणजे ०.६ मधले ०.२ गंजाने आधीच खाल्ले. वर झटका आला की उरलेलेही जातात. उष्णतेने पिनेची पकड ढिली होते, रोध वाढतो, आणखी उष्णता होते. हर्णैचं एक मशीन माझ्याकडे आलं होतं, बंदराकडच्या खिडकीखाली दोन वर्षं ठेवलेलं. त्याचा हा कनेक्टर काढताना हातात भाजलेल्या प्लॅस्टिकचा वास आला, आणि मालकाने तोपर्यंत तीन वेळा पेस्ट बदलून घेतली होती.

म्हणून मशीन बंद कर, पिन भिंतीतून काढ, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धर, आणि मग मोबाइलच्या उजेडात हे बघ: कार्डाचे कनेक्टर, मदरबोर्डचा चोवीस पिनांचा मोठा कनेक्टर, प्रोसेसरजवळचा आठ पिनांचा. रंग काळवंडलेला, पिवळट, हिरवट आहे का? कडेला प्लॅस्टिक मऊ झालंय का? काढून दोन-तीनदा नीट बसव, नुसतं एवढ्यानेही कधी कधी महिनाभर सुटका होते आणि निदान पक्कं होतं. कार्डाला एकाच वायरीच्या दोन तोंडांवरून वीज दिली असेल तर दोन स्वतंत्र वायरी लाव. वायर जळकी असेल तर त्याच एसएमपीएस कंपनीची, त्याच मॉडेलची वायर माग. दुसरी दिसायला सारखी असली तरी आतली जोडणी वेगळी असू शकते आणि एका क्षणात कार्ड जातं.

सफाईबद्दल एक चूक सगळेच करतात, मीही बरीच वर्षं केली. मिठाचा थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात. अल्कोहोलमध्ये मीठ जवळजवळ विरघळत नाही, ते नुसतं इकडून तिकडे सरकतं. तेल, जुनी पेस्ट यासाठी अल्कोहोल उत्तम, मिठासाठी आधी डिस्टिल्ड पाणी लागतं, मऊ ब्रशने, थोडं थोडं, आणि मग ते पाणी हुसकायला अल्कोहोल. त्यानंतर पूर्ण दिवस कोरड्या हवेत ठेवायचं. मदरबोर्डवर हिरवट डाग दिसले तर हे काम अनुभवी माणसाकडून करून घे. नळाचं किंवा विहिरीचं पाणी कधीही नाही. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेव, नाहीतर पंखा गरागरा फिरून बेअरिंग खातो आणि उलटी वीज बोर्डात सोडतो. आणि एसएमपीएसचा डबा उघडू नकोस. तो बंद असतानाही आतल्या मोठ्या कपॅसिटरवर तीनशे-चारशे व्होल्ट उभे असू शकतात. जाळीतून पालीची शेपटी दिसली तरी उघडू नकोस, आपल्याकडे उबेला पाली आत शिरतात आणि शॉर्ट होऊन मरतात. तो एसएमपीएस सरळ बदलायचा.

अर्थिंगही एकदा बघून घे, पण वायरमनला सोबत घेऊन. मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवं. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाहीच असं धर. जांभ्यात पाणी टिकत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात आपले अर्थिंगचे खड्डे कोरडे ठणठणीत होतात. मे महिन्यात त्यात पाणी घालत राहावं लागतं.

आता तापमान. ८८ अंश धोक्याचं नाही, पण मला आवडलेलंही नाही. दमट हवेमुळे मशीन जास्त तापतं असा समज आहे, तो खरा नाही. आपल्याला दमट हवेत उकडतं कारण घाम वाळत नाही. मशीनला घाम येत नाही. त्याला खोलीच्या हवेचं तापमान तेवढं लागतं: खोली एक अंशाने गार झाली की प्रोसेसरही जवळपास तेवढाच उतरतो. पुण्यात थंडीत ७० दाखवणारं मशीन इथे ३३ अंशांच्या खोलीत ८५ दाखवणारच. त्यामुळे कॅबिनेट भिंतीला आणि पडद्याला चिकटलेलं नसावं, पुढची जाळी आणि हीटसिंकच्या पात्यांमधला बुरा काढलेला असावा, पुढचे पंखे आत आणि मागचा बाहेर फेकत असावा, एवढं पुरतं. कागद धरून बघ, कुठला पंखा ओढतो आणि कुठला ढकलतो ते कळेल; उलटा बसवलेला पंखा मी महिन्यातून एकदा तरी बघतो. नवी पेस्ट लावूनही तापमान उतरलं नसेल तर कूलरचे चारही स्क्रू सारखे बसलेत का ते तपास. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) 'इको मोड' किंवा कमी वॅटची मर्यादा लावली तर पाच-दहा अंश सहज जातात आणि गेममध्ये फरक कळत नाही.

खोलीत एसी असेल तर एक जपायचं. बाहेर २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असताना दवबिंदू २६च्या आसपास असतो. एसीने खोली २३वर आणली, रात्री मशीन बंद केलं, मग एसी बंद करून खिडकी उघडली, की बाहेरची हवा त्या गार पत्र्यावर आणि बोर्डवर दव धरते. वर मीठ असेल तर काय होतं ते सांगितलंच. एसी बंद केल्यावर खिडकी तासभर तरी बंद राहू दे. पावसाळ्यात मशीन रोज अर्धा तास चालू ठेव, गावाला गेलास तर घरच्यांना सांग. स्वतःच्या उबेने ते कोरडं राहतं. चार महिने झाकून ठेवलेलं मशीन गणपतीत उघडलं आणि चालूच झालं नाही, असे फोन मला दरवर्षी येतात. आणि कॅबिनेट समुद्राकडच्या खिडकीपासून उचलून आतल्या भिंतीकडे, थोडी जागा सोडून ठेव. हे आजच कर, बाकी काही केलं नाहीस तरी.

एवढं सगळं होऊनही रीस्टार्ट येतच राहिला, तर कोणाचा तरी चांगला एसएमपीएस दोन दिवस उसना लावून बघ. तोही लावून थांबला नाही, तर रॅमचं एक्सएमपी किंवा डीओसीपी (रॅम जास्त वेगाने चालवणारं बायोसमधलं सेटिंग) बंद करून एक संध्याकाळ चालव. आणि लॉगमध्ये 'डब्ल्यूएचईए-लॉगर'ची १८ क्रमांकाची नोंद दर वेळी येत असेल, तर बायोस अद्ययावत कर. तरीही येत राहिली तर संशय प्रोसेसर किंवा मदरबोर्डवर. डबाबंद रायझनला तीन वर्षांची वॉरंटी असते. तुझी अडीच झाली आहेत, म्हणून पुण्याचं बिल आणि प्रोसेसरचा डबा आत्ताच शोधून ठेव. मला लिहिताना यूपीएसच्या लेबलचा फोटो, बगचेककोड, आणि कनेक्टरचा जवळून काढलेला फोटो एवढं पाठव, पुढचं त्यावर सांगतो.